माझ्या नोडचा मेमपूल रातोरात रिकामा झाला, मग सातपट भरला. नक्की काय चाललंय?

शेपूचीभाजी (धागाकर्ता)
मंडळी, गेले वर्षभर घरी एक बिटकॉइन नोड (ट्रान्झॅक्शन तपासून पुढे पाठवणारा नेटवर्कमधला संगणक) चालवतोय. रास्पबेरी पाय (छोटासा संगणक), १ टीबीची एसएसडी, टीव्हीच्या कपाटावर मागच्या बाजूला ठेवलाय, बायको त्याला "ते डबडं" म्हणते. कमाई शून्य, हौस म्हणून. आता हौसेपोटी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, दर मिनिटाला नोडला विचारते की किती ट्रान्झॅक्शन कन्फर्म व्हायच्या बाकी आहेत (हाच मेमपूल) आणि त्याचा ग्राफ काढते. एवढे दिवस छान करवतीसारखा दातेरी ग्राफ यायचा, हळूहळू वर, ब्लॉक (कन्फर्म झालेल्या ट्रान्झॅक्शनचा गठ्ठा) आला की टपकन खाली.

मंगळवारी रात्री २ वाजून १० मिनिटांनी सहा हजारावरून थेट शून्य. थेट. सकाळपर्यंत चढत चढत चारेक हजारावर आला. म्हटलं कोणीतरी मोठा खाणवाला (ब्लॉक बनवणारा मायनर) आला असेल आणि सगळं एका झटक्यात उचललं असेल. त्यानंतर शनिवारपासून उलटंच सुरू झालं, दोन दिवसांत चाळीस हजार! बातम्या बघितल्या तर काही नाही, भाव जागच्या जागी. वेबसाइटवरचे ग्राफ बघितले तर तिथे मंगळवारीही काही नाही आणि शनिवारीही काही नाही, तिथे आधीपासूनच भरपूर दिसतायत. मग हे फक्त माझ्याकडेच का? कोणीतरी जरा इस्कटून सांगा.

वडापवाला
लोकल ट्रेनसारखं आहे ते. ब्लॉक म्हणजे लोकल, गर्दी म्हणजे मेमपूल. लोकल आली की फलाट रिकामा. मंगळवारी बहुतेक लागोपाठ दोन-तीन लोकल आल्या असतील.

हिशोबनीस
@वडापवाला लोकलची उपमा मी स्वतः पण द्यायचो, आता सोडली. लोकलला वेळापत्रक असतं (उशिरा का होईना). ब्लॉकला नसतं. तुमच्या आयडीत आहे तीच उपमा जास्त बरोबर बसते, वडापची जीप. कधी येईल सांगता येत नाही, आली की ठरावीकच माणसं बसणार, आणि ड्रायव्हर आधी कोण आलं ते बघत नाही, जास्त पैसे कोण देतोय ते बघतो. सकाळपासून उभा असलेला म्हातारा तिथेच राहतो आणि आत्ता आलेला शहरी पाहुणा दुप्पट देऊन पुढे बसतो.

आता धागाकर्त्याचं. मंगळवारचं साध्या हिशोबाने सुटतं. एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त १० लाख व्हीबाइट (ट्रान्झॅक्शनच्या आकाराचं माप) मावतात, साधारण तीन-चार हजार ट्रान्झॅक्शन धरा, कमीजास्त होतात. तुमचे सहा हजार एका मिनिटात गेले म्हणता. एक ब्लॉक आला असता तर निम्म्या उरल्या असत्या, आणि एका मिनिटात लागोपाठ दोन आले असते तरी त्या मिनिटात नवीन आलेल्या असत्याच. पार शून्य सहसा होत नाही. म्हणजे त्या खाणीत गेल्या नाहीत, तुमच्या नोडच्या आठवणीतून गेल्या. तुमचा पाय रीस्टार्ट झाला होता का? अपटाइम बघा.

शेपूचीभाजी
रात्री दोनला मी गाढ झोपेत होतो, कोण रीस्टार्ट करणार? थांबा बघतो.

शेपूचीभाजी
अरे देवा. लॉगमध्ये २:०७ ला सरळ मधेच तुटलंय, बंद होतोय वगैरे काही ओळ नाही, आणि २:०९ ला परत पहिल्यापासून सुरुवात. आणि आता आठवलं, बुधवारी सकाळी दूध गरम करायला गेलो तर मायक्रोवेव्हचं घड्याळ १२:०० वर लुकलुकत होतं! लाईट जाऊन आली होती. राउटरला यूपीएस आहे, डबड्याला नाही.

पण मग मला हे कळेना, लाईट गेली म्हणून ट्रान्झॅक्शन कशा जातील? ब्लॉकचेन तर डिस्कवर आहे ना.

हिशोबनीस
ब्लॉकचेन डिस्कवर आहे, मेमपूल रॅममध्ये. गोम तिथेच आहे. नोड नीट बंद केला तर जाताजाता मेमपूलची एक फाइल लिहून ठेवतो आणि उठल्यावर ती वाचतो, म्हणून साध्या रीस्टार्टला ग्राफवर फारसं काही दिसत नाही. लाईट गेली की फाइल लिहायला वेळच मिळत नाही. उठल्यावर त्याला सापडते ती मागच्या वेळी नीट बंद केलं होतं तेव्हाची जुनी फाइल, त्यातलं सगळं कधीच कन्फर्म झालेलं किंवा मुदत संपलेलं. ते सगळं टाकून देतो. आणि शेजारचे नोड जुन्या ट्रान्झॅक्शन परत आणून देत नाहीत, फक्त नवीन आलेल्या सांगतात. म्हणून कड्यासारखी रेघ सरळ खाली आणि मग सकाळपर्यंत चढण.

सगळ्यांसाठी एक गोष्ट (मी हे वाक्य इतक्या वेळा लिहिलंय की आता कंटाळा आलाय): "मेमपूल" नावाची एक जागा जगात कुठेही नाही. प्रत्येक नोडचा आपापला आहे. वेबसाइटवर जो दिसतो तो त्या वेबसाइटच्या नोडचा.

मीच_तो
म्हणजे हे लोक "मेमपूल ५०% घसरला" म्हणून ट्विट टाकतात ते कोणाचा मेमपूल बघून?

हिशोबनीस
ज्याचा त्यांना दिसला त्याचा. पुष्कळदा आकडा गोळा करणाऱ्याने सर्व्हर बदललेला असतो किंवा रीस्टार्ट केलेला असतो. दोन वेगळ्या ठिकाणी बघायचं, एकीकडेच पडला असेल तर चहा प्यायला जायचं.

शेपूचीभाजी
बरं, मंगळवार सुटला. शनिवारचं काय? शनिवारी लाईट गेली नाही, मायक्रोवेव्ह साक्षीला आहे.

गावाकडचा_कोडर
शनिवारी तुम्ही काही अपडेट केलंत का नोडवर?

शेपूचीभाजी
हो!! शनिवारी दुपारी बिटकॉइन कोअर (नोडचं सॉफ्टवेअर) २७ वरून ३० वर नेला. पण ते तर नीट बंद करून केलं होतं आणि ग्राफ तेव्हा पडला पण नाही. म्हणून तो संशय मनातच आला नाही.

गावाकडचा_कोडर
पडणार नाहीच, नीट बंद केलात म्हणून. पण चढणार. वर्षानुवर्षं नियम असा होता की १ सॅट (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) पर व्हीबाइटच्या खालची फी असेल तर नोड ती ट्रान्झॅक्शन दारातच उभी करत नाही. कोणाला सांगत नाही, ठेवत नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी इतकी कमी होती की काही खाणवाल्यांनी एकच्या खालच्या पण घ्यायला सुरुवात केली, रिकामी सीट नेण्यापेक्षा अर्ध्या तिकिटाचा प्रवासी बरा. मग त्याच वर्षी सप्टेंबरच्या २९.१ मध्ये आणि नंतर ३० मध्ये डीफॉल्टच खाली आणला, १ वरून ०.१ वर. तुमचा २७ वाला जुना रखवालदार होता, एकच्या खालच्याला हाकलायचा. नवीन आला त्याने गेट उघडलं. गर्दी बाहेर आधीपासून होतीच, तुम्हाला दिसत नव्हती एवढंच. एका झटक्यात न येता दोन दिवस लागले कारण परत तेच, जुन्या कोणी आणून देत नाही, नवीन येतात तसतशा साठतात.

त्या जुन्या नियमाचा एक गमतीचा दुष्परिणाम पण होता. जुन्या नोडकडे या स्वस्त ट्रान्झॅक्शन नसायच्याच, मग ब्लॉक आला की त्याला अर्ध्या गोष्टी ओळखू यायच्या नाहीत आणि शेजाऱ्याकडे मागत बसायला लागायचं, त्यामुळे ब्लॉक पसरायला उशीर. गेट उघडण्यामागे हे पण एक कारण.

मीच_तो
थांबा थांबा. माझं एक प्रकरण याच्याशीच जुळतंय बहुतेक. मी माझ्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात टाकले होते, घाई नव्हती म्हणून फी ०.३ ठेवली, कंजूसपणा. आता पंधरा-सोळा दिवस झाले. एका एक्सप्लोररवर (ट्रान्झॅक्शन शोधायची साइट) दिसायची ती काल गायब! दुसऱ्या एका साइटवर अजून आहे. शेपूभाऊंना मागे विचारलं होतं तर त्यांच्या नोडवर कधी नव्हतीच म्हणे. पैसे गेले का हो?

हिशोबनीस
नाही गेले. कन्फर्म न झालेली ट्रान्झॅक्शन म्हणजे अजून न वटलेला चेक. बिटकॉइन कोअर डीफॉल्टने ३३६ तास, म्हणजे बरोबर दोन आठवडे वाट बघतो, मग टाकून देतो. घड्याळ प्रत्येक नोडचं वेगळं, त्याला ती मिळाली तेव्हापासून. म्हणून एकीकडे गायब, दुसरीकडे हजर. शेपूभाऊंकडे तेव्हा २७ होता, तो ०.३ ला विचारत पण नव्हता.

पण एक चूक करू नका. घाबरून नवीन ट्रान्झॅक्शन करताना वॉलेटला वेगळं नाणं निवडू दिलंत तर जुनी पण कधीतरी कन्फर्म होईल आणि नवीन पण. दोनदा जातील. स्वतःच्याच वॉलेटमध्ये असेल तर ठीक, दुसऱ्या कोणाला देत असाल तर बोंबला. तेच इनपुट (म्हणजे तेच नाणं) वापरून जास्त फीची करा, मग दोघींपैकी एकच जगू शकते.

मीच_तो
वॉलेटमध्ये "फी वाढवा" बटण आहे. ते तेच करतं का?

हिशोबनीस
हो, तेच, आरबीएफ (रिप्लेस बाय फी) म्हणतात. दाबा.

वडापवाला
मला अजून एक पटत नाहीये. शेपूभाऊंचं घरगुती निघालं, ठीक आहे. पण खरोखर सगळीकडे एकदम वाढतो तेव्हा? मागे एकदा मी बघत बसलो होतो, तासाभरात वीसेक हजार वाढल्या, सगळ्या साइटवर सारखंच. काही बातमी नाही.

गावाकडचा_कोडर
तेव्हा बहुतेक ब्लॉकच आला नसेल तासभर. दिवसाला चार-पाच लाख ट्रान्झॅक्शन येतात, म्हणजे तासाला सतरा-वीस हजार. जीप आली नाही तर तेवढी माणसं स्टँडवर साठणार. कोणी जास्त आलं नाही, कोणी गेलं नाही एवढंच.

वडापवाला
दहा मिनिटाला एक येतो ना ब्लॉक? तासभर कसा येणार नाही? कोणीतरी मुद्दाम अडवलं असेल.

हिशोबनीस
सरासरी दहा. लॉटरी आहे ती, वेळापत्रक नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वाट बघायची वेळ वीस ब्लॉकांत एकदा येते. तासाच्या वर चारशेत एकदा. चारशे म्हणजे खूप वाटतं, पण दिवसाला १४४ ब्लॉक असतात, म्हणजे दर तीन दिवसांनी एकदा जगात कुठेतरी लोक "बिटकॉइन बंद पडलं का" विचारत असतात. आणि पन्नास मिनिटं थांबलात म्हणून पुढचा लवकर येईल असंही नाही, तिथून पुढे परत सरासरी दहाच. हे माझ्या सासऱ्यांना समजावताना मी हरलोय, त्यामुळे तुम्हालाही नाही पटलं तर राग नाही.

ऑस्टिनकर
इकडे टेक्सासमध्ये खाणी आहेत म्हणून एक भर. थंडीचं मोठं वादळ आलं किंवा उन्हाळ्यात ग्रिडवर ताण आला की इथले खाणवाले मशीन बंद करतात, वीज परत विकून किंवा क्रेडिट घेऊन त्यांना परवडतं. २०२२ च्या नाताळात एलियट वादळात जगाच्या हॅशरेटचा (सगळ्या खाणींची मिळून गणनशक्ती) साधारण तिसरा हिस्सा दिवसभरात गळाला होता. मशीन कमी म्हणजे लॉटरीची तिकिटं कमी, ब्लॉक उशिरा. कठीणपातळी (ब्लॉक सापडणं किती अवघड ते) २०१६ ब्लॉकांनीच बदलते, म्हणजे साधारण दोन आठवडे, तोवर सगळे रांगेत.

गावाकडचा_कोडर
याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीन. एप्रिल २०२१ मध्ये शिंजियांगमध्ये कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं, अपघात झाला, मग सुरक्षेच्या तपासणीसाठी तिथली वीज बंद केली आणि बिटकॉइनच्या खाणी त्याच विजेवर. खऱ्या खाणीत पाणी शिरलं म्हणून खोट्या खाणी बंद! त्या आठवड्यात सरासरी फी ६० डॉलरच्या आसपास गेली होती. मग मे-जूनमध्ये तर चीनने मायनिंगच बंद केलं, ३ जुलैला कठीणपातळी एका दमात जवळपास २८% खाली आली, इतिहासातली सगळ्यात मोठी घसरण. पण गंमत बघा, जूनमध्ये ब्लॉक एप्रिलपेक्षाही हळू येत होते आणि तरी फी काही एप्रिलसारखी पेटली नाही, कारण तोपर्यंत भाव पडला होता आणि पाठवणारेच कमी झाले होते. म्हणून नुसता हॅशरेट बघून काही सांगता येत नाही, स्टँडवर माणसं किती येतायत ते पण बघावं लागतं.

शेपूचीभाजी
हे मस्त आहे. आणि माणसंच एकदम वाढली असं कधी होतं? म्हणजे जीप वेळेवर, पण जत्रा आहे.

गावाकडचा_कोडर
जत्रा म्हणजे मे २०२३. ऑर्डिनल्सवर (बिटकॉइनमध्ये चित्रं-मजकूर कोरायची पद्धत) कोणीतरी बीआरसी-२० टोकन काढलं होतं, लोक हजारोंनी बारक्या बारक्या ट्रान्झॅक्शन मारायला लागले, चार लाखांच्या वर रांग. बायनान्स एक्स्चेंजने दोन दिवसांत दोनदा बिटकॉइन काढणं थांबवलं. ७ मे ला एका ब्लॉकमध्ये फीच ६.२५ बिटकॉइनच्या बक्षिसापेक्षा जास्त झाली. नंतर २० एप्रिल २०२४, हाल्व्हिंग (खाणवाल्यांचं बक्षीस निम्मं होणं) आणि रून्स (टोकनची नवी पद्धत) एकाच ब्लॉकला, ८,४०,००० नंबरच्या त्या एका ब्लॉकची फी ३७ बिटकॉइनच्या वर. मग २२ ऑगस्ट २०२४ ला बॅबिलोनचं स्टेकिंग (मोबदल्यासाठी बिटकॉइन अडकवून ठेवणं) उघडलं, १,००० बिटकॉइनची मर्यादा, पहिला येईल त्याला, काही ब्लॉकपुरती फी हजार सॅट पर व्हीबाइटच्या पुढे आणि थोड्याच वेळात सगळं शांत.

ही जत्रा आणि ब्लॉक न आल्यामुळे झालेली गर्दी ओळखायची सोपी खूण. रंगीत पट्ट्यांचा ग्राफ असतो ना, प्रत्येक फीचा वेगळा रंग. ब्लॉक आला नाही तर सगळे पट्टे थोडे थोडे जाड होतात. जत्रा असेल तर एकच पट्टा फुगतो, कारण सगळ्यांनी एकाच प्रकारच्या वॉलेटमधून एकाच फीने मारलेलं असतं. एखाद्या एक्स्चेंजने तिजोरी आवरायला काढली, बारकी नाणी एकत्र करायला, तरी तसंच दिसतं, खाली एकाच रंगाची भिंत.

जुना_खेळाडू
पूर्वी बिटमेक्स एक्स्चेंज रोज एकदाच सगळ्यांचे पैसे पाठवायचं, दुपारी १ यूटीसी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा. मोठ्या जाडजूड मल्टिसिग (अनेक सह्यांच्या) ट्रान्झॅक्शन, सगळ्या एकदम. रोज साडेसहा-पावणेसातला ग्राफवर पायरी दिसायची. आमच्या सोसायटीत तेव्हाच पाणी यायचं, बायको म्हणायची पाणी आलं, मी म्हणायचो बिटमेक्स आलं. मला काही पाठवायचं असेल तर सहाच्या आत.

वडापवाला
😂😂 +१

हिशोबनीस
शेपूभाऊ, अजून एक शंका. तुमची स्क्रिप्ट नक्की कुठला आकडा काढते? नोड माहिती देतो त्यात "साइझ" लिहिलेलं असतं ती साइझ नसून नग असतात. खरी साइझ "बाइट्स" मध्ये. आणि "युसेज" म्हणजे रॅम, ती तिसरीच. डीफॉल्ट ३०० एमबीची मर्यादा आहे ती या तिसऱ्याला लागते, आणि प्रत्यक्ष ट्रान्झॅक्शनच्या बाइट्सपेक्षा ती बरीच जास्त असते. नग वाढले म्हणजे गर्दी वाढली असं नाही, पन्नास बारकी पोरं आणि पन्नास पैलवान यात जीपला फरक पडतो.

शेपूचीभाजी
तेच करत होतो 🤦 "साइझ" वाचून मला वाटलं साइझ. ग्राफच्या खाली इतके दिवस "एमबी" लिहिलं होतं मनाने, या धाग्यात येताना मात्र आकडा बघून ट्रान्झॅक्शन म्हटलं. चाळीस हजार एमबी तर पायमध्ये मावलेच नसते, हे डोक्यातच आलं नाही.

मीच_तो
आणि ३०० भरला की काय होतं? बंद पडतो?

जुना_खेळाडू
पूर्वी पडायचा. २०१५ च्या मध्यात लोकांनी मुद्दाम स्पॅम मारला होता, स्ट्रेस टेस्ट म्हणायचे त्याला, तेव्हा मर्यादाच नव्हती आणि कमी रॅमवाले बिचारे कोलमडायचे. फेब्रुवारी २०१६ च्या ०.१२ मध्ये ही ३०० ची मर्यादा आली. आता भरला की तळातली सगळ्यात स्वस्त फेकून देतो आणि दारावरची किमान फी वाढवतो. म्हणून मे २०२३ सारख्या वेळी छोट्या नोडचा ग्राफ वरून सपाट कापल्यासारखा दिसतो आणि ज्यांनी मर्यादा वाढवून ठेवलीय त्यांचा चढतच असतो. दोन्ही खरे. तुमची पाठवलेली एक-दोन सॅटवाली तेव्हा एकीकडे हाकललेली आणि दुसरीकडे बसलेली.

पुणेरी_पाटी
अवांतर: एवढं सगळं करून क्रिप्टोच्या नफ्यावर ३०% कर आणि वर १% टीडीएस. चालू द्या.

नवीन_आहे
इथेरियमला पण असंच असतं का?

गावाकडचा_कोडर
थोडं वेगळं. तिथे ब्लॉक दर १२ सेकंदांना ठरलेल्या वेळी, म्हणजे तासभर जीप नाही असं होत नाही. आणि ऑगस्ट २०२१ पासून मूळ फी गर्दीप्रमाणे आपोआप चढते-उतरते. तिथली डोकेदुखी म्हणजे प्रत्येक खात्याच्या ट्रान्झॅक्शनला क्रमांक असतो, पाचवी अडकली की सहावी, सातवी, आठवी सगळ्या मागे उभ्या. वेगळा धागा काढा, इथे भरकटेल.

मीच_तो
अपडेट: फी वाढवून १.५ केली, तिसऱ्या ब्लॉकात गेली. इतके दिवस वाचवलेले चहाचे पैसे परत दिले. आभार हिशोबनीस.

शेपूचीभाजी
मंडळी, चार दिवसांनी परत आलोय. स्क्रिप्टमध्ये नग आणि बाइट्स वेगळे केले, खाली नोडचा अपटाइम पण टाकला, आणि डबड्याला जुन्या राउटरचा छोटा यूपीएस लावला (बायकोचा प्रश्न: फ्रिजला लावता येणार नाही का).

आज दुपारी सव्वातीनला बघतो तर ग्राफ सुसाट वर, थांबायलाच तयार नाही. पहिले उठून मायक्रोवेव्ह बघितला. घड्याळ बरोबर. अपटाइम चार दिवस. सगळे रंग थोडे थोडे जाड झालेले. मग शेवटचा ब्लॉक कधीचा ते बघितलं, ५८ मिनिटं झाली होती. बसून राहिलो म्हटलं साठ तरी होऊ दे, चारशेत एक आपल्या वाट्याला येऊ दे. ५९ व्या मिनिटाला आला साला.